तलवार आणि मंत्र यांचा तोल

टेबलाभोवती बसलेले चार-पाच खेळाडू, समोर कागद-पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि कथेची सूत्रे हाती धरणारा एक सूत्रधार, एवढ्या सामग्रीवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ चालतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथून प्रसिद्ध झाला. अद्‌भुतरम्य जगातील भूमिका करून खेळायच्या बैठ्या खेळांचा तो मूळपुरुष मानला जातो. या खेळात खेळाडू एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतात आणि शेवटी कोणी विजेता ठरत नाही. तरीही कोणते पात्र किती बलवान असावे, हा वाद पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही.

सारे एकाच बाजूने लढत असताना एखाद्याचे बळ जास्त असले तर बिघडले कुठे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच आहे. एका बैठकीचे तीन-चार तास सर्वांनी वाटून घ्यायचे असतात. राक्षस कोणी मारला, कुलूप कोणी उघडले, संकटातून वाट कोणी काढली, यावर तो वेळ कोणाच्या वाट्याला गेला हे ठरते. एकच पात्र या तिन्ही गोष्टी करू लागले, की उरलेले खेळाडू प्रेक्षक होतात. प्रेक्षक झालेला खेळाडू हळूहळू बैठकीला येईनासा होतो. म्हणून समतोल म्हणजे सर्वांचे बळ समान असणे नव्हे. प्रत्येकाची गरज भासावी आणि प्रत्येकाच्या निर्णयाला वजन असावे, हा त्याचा खरा अर्थ.

वर्ग आणि त्यांची किंमत

१९७४ च्या मूळ खेळात योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. चोराचा वर्ग १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला. १९७८ मध्ये निघालेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तिकेत या वर्गांचा तोल काळाच्या हिशेबाने राखलेला दिसतो. दुसऱ्या पातळीवर जाण्यासाठी चोराला १,२५१, योद्ध्याला २,००१, तर जादूगाराला २,५०१ अनुभवगुण मिळवावे लागत. प्रारंभीच्या जादूगाराकडे दिवसाला एकच मंत्र असे, अंगावर चिलखत नसे आणि मंत्र म्हणताना घाव बसला तर तो मंत्र वाया जाई. पाचव्या पातळीवर अग्निगोलाचा मंत्र हाती आला, की मात्र चित्र पालटे. आधी सोसलेल्या हालअपेष्टांचे फळ नंतर मिळावे, अशी ही योजना होती. तीत एक उणीव होती. पहिल्या टप्प्यात जादूगाराचा खेळाडू कंटाळे आणि अखेरच्या टप्प्यात योद्ध्याचा.

टीएसआर ही प्रकाशनसंस्था १९९७ मध्ये 'विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली आणि २००० मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती आणली. तीत सर्व वर्गांना अनुभवगुणांचे एकच कोष्टक लागू झाले आणि सावधपणे मंत्र म्हणून घाव टाळण्याची सोयही मिळाली. नियम सुटसुटीत झाले, पण जादूगाराला आवरणारे जुने लगाम सैल पडले. योद्ध्याचे बळ पायरीपायरीने वाढे. मंत्र जाणणाऱ्यांच्या मंत्रांची संख्या आणि प्रत्येक मंत्राची ताकद अशी दोन्ही अंगांनी वाढ होई. ड्रुइड या वर्गाच्या सोबतीला लढाऊ प्राणी असे, त्याला स्वतःलाही प्राण्याचे रूप घेता येई आणि मंत्र तर होतेच.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने यावर धाडसी उपाय केला. प्रत्येक वर्गाला हवी तेव्हा, लढाईत एकदा आणि दिवसातून एकदा वापरता येणारी सामर्थ्ये एकाच साच्यात दिली गेली. आकड्यांचा तोल पुष्कळसा साधला, तरी सर्व वर्ग सारखेच भासतात, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. २००९ मध्ये पायझो या संस्थेने आधीच्या नियमांवर आधारलेला 'पाथफाइंडर' हा खेळ काढला आणि जुन्या पद्धतीच्या चाहत्यांनी त्याला उत्तम प्रतिसाद दिला. वेगळेपण गमावून मिळालेली समानता खेळाडूंना नको असते, हा धडा त्यातून मिळाला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मध्यम मार्ग धरला. एकाग्रता लागणारे मंत्र एका वेळी एकच चालू ठेवता येतात. 'नॉक' या मंत्राने कुलूप उघडते, पण त्याचा आवाज ३०० फुटांपर्यंत जातो. त्यामुळे गुपचूप कुलूप उघडणाऱ्या चोराची गरज टिकून राहते. समतोल कसा साधावा, याचा हा छोटा पण बोलका नमुना आहे. सामर्थ्य काढून न घेता त्याला किंमत लावली, की दुसऱ्याची जागा शाबूत राहते.

घरच्या नियमांची करामत

छापील नियमांवर खेळ थांबत नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' जसे जागेच्या अडचणीतून येते, तसे या खेळातही प्रत्येक गटाचे घरचे नियम तयार होतात. मूळ पुस्तिकांनीच वाचकांना आपापल्या कल्पनेने भर घालण्याचे आवाहन केले होते. फाशावर २० पडल्यास दुप्पट इजा, या प्रथेला गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-पुस्तिकेत कडाडून विरोध केला होता. तरी ती टिकली आणि तिसऱ्या आवृत्तीत तशा प्राणघातक घावाला अधिकृत स्थान मिळाले. औषधी काढा पिण्यात अख्खी पाळी खर्ची घालू नये, हा अनेक गटांचा नियमही २०२४ च्या सुधारित पुस्तकात स्वीकारला गेला.

मात्र सर्वांना सारखा लागू होणारा नियम सर्वांना सारखाच लागतो, असे नाही. 'फाशावर १ पडला तर शस्त्र हातातून निसटते' हा लोकप्रिय घरचा नियम त्याचे उत्तम उदाहरण होय. वीस बाजूंच्या फाशावर १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या आवृत्तीतील अकराव्या पातळीचा योद्धा एका पाळीत तीन घाव घालतो, म्हणजे चार फेऱ्यांच्या लढाईत १२ वेळा फासा टाकतो. त्यात एकदा तरी शस्त्र निसटण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के होते. अग्निगोल फेकणारा जादूगार फासाच टाकत नाही. बचावाचा फासा शत्रूने टाकायचा असतो. जो जितका निष्णात योद्धा, तो तितका अधिक धांदरट, असा विनोदी निष्कर्ष या नियमातून निघतो आणि आधीच मागे पडणारा वर्ग आणखी मागे पडतो.

विश्रांतीचेही तसेच आहे. योद्ध्याची काही सामर्थ्ये तासाभराच्या विश्रांतीनंतर परत येतात; जादूगाराच्या बहुतेक मंत्रांना आठ तासांची विश्रांती लागते. २०१४ च्या सूत्रधार-पुस्तिकेत एका दिवसात मध्यम वा कठीण स्वरूपाच्या सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या होत्या. सूत्रधाराने दिवसाला एकच लढाई ठेवली, तर जादूगार सारे मंत्र तिथेच उधळू शकतो. अशा वेळी नियम न बदलताही समतोल ढळतो आणि दोष वर्गाच्या माथी मारला जातो.

नियम बदलण्यापूर्वी

म्हणून नवा नियम आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे हिताचे ठरते. अडचण नेमकी नियमाची आहे, की प्रसंगांच्या रचनेची? नव्या नियमाचा भुर्दंड कोणत्या पात्रावर पडेल? आणि तोच नियम राक्षसांनाही लागू झाला तर काय होईल? राक्षस एका लढाईपुरता असतो, पात्राला मात्र शेकडो घाव झेलायचे असतात. त्यामुळे दैवाचा भाग वाढवणारा प्रत्येक नियम अखेरीस पात्रांनाच महाग पडतो.

बदल एका वेळी एकच करावा, मोहिमेच्या आरंभी सर्वांसमोर मांडावा आणि दोन-तीन बैठकींनंतर मागे घेण्याची मुभा ठेवावी. एखाद्या खेळाडूने महिनोन्‌महिने जोपासलेल्या पात्राचे पंख मध्येच कापल्यास तो त्याला शिक्षा समजतो. त्याऐवजी मागे पडलेल्या पात्राला काही द्यावे. योद्ध्याच्या हाती एखादी मंत्रसिद्ध तलवार पडली किंवा त्याच्याच शब्दाला मान देणारा सरदार कथेत आला, तर एकही नियम न बदलता तोल सावरतो.

पुस्तक लिहिणाऱ्याला समोरचे पाच चेहरे दिसत नसतात, सूत्रधाराला दिसतात. बैठक संपताना प्रत्येकाला सांगण्यासारखे स्वतःचे काही घडले असेल, तर कोष्टकातील थोडीफार तफावत कोणी मोजत बसत नाही.