जुन्या ध्वनियंत्रांचा भाव

वापरलेल्या वस्तूला एकच एक किंमत नसते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. अमेरिकेतील जुन्या ध्वनियंत्रांच्या बाजाराने मात्र हे व्यवहारज्ञान छापून काढले. ‘ओरायन ब्लू बुक’ ह्या भावपुस्तकात एकेका अॅम्प्लिफायरपुढे त्याची मूळ किंमत आणि तीन भाव दिलेले असत : दुकानदाराने गिऱ्हाइकाला विकण्याचा, दुकानदाराने उत्तम स्थितीतील यंत्र विकत घेण्याचा आणि साधारण स्थितीतील यंत्र विकत घेण्याचा. एका शौकिनाने दुसऱ्या शौकिनाला थेट विकण्याचा रकाना नव्हता. आम्हांला ह्या पुस्तकात सर्वांत वाचनीय वाटतो तो हा नसलेला रकाना.

तो रिकामा का राहिला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५४ मध्ये इंग्लंडात गॅरार्ड ३०१ ही तबकडी-यंत्रणा आली, १९५७ मध्ये क्वाडचा स्थितिविद्युत ध्वनिक्षेपक आला. साठच्या दशकात ट्रान्झिस्टरने बाजार पालटला आणि व्हॉल्व्हची यंत्रे एकाएकी जुनाट ठरली. मालकाने जुने यंत्र दुकानात द्यावे, मिळेल ती सूट घ्यावी आणि नवे घरी न्यावे, अशी रीत होती. तिच्यात फसवणूक होती असे आम्ही म्हणणार नाही. दुकानदार नुसते यंत्र घेत नसे. ते दुरुस्त करणे, गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळणे आणि उद्या बिघडले तर तोंड देणे, हेही तो विकत घेई. पुढे जपानी रसिकांना ह्याच यंत्रांची गोडी लागली. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी हा १९३८चा व्हॉल्व्ह तर दुर्मीळ पोथीसारखा शोधला जाऊ लागला.

जॉर्ज अॅकरलॉफ ह्यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा साशंक राहतो आणि चांगल्या वस्तूचाही भाव पडतो, असे त्याचे सूत्र. ध्वनियंत्रांच्या बाजारात हे सूत्र पुष्कळदा उलटे होते. शौकीन मालक निवर्तल्यावर विकायला बसलेल्या पत्नीला वा मुलांना फडताळात काय आहे ह्याची कल्पना नसते, दुकानदाराला असते. अज्ञानाची किंमत येथे विकणारा मोजतो.

१९९५ मध्ये ईबे सुरू झाले आणि मालकाला दूरच्या शौकिनाशी थेट बोलता येऊ लागले. आता शंका घेणारा घेणारा झाला, आणि तिचे निरसन करण्यासाठी जाहिरातीचे एक गद्यच घडले : एकच मालक, मूळ खोके, पावती, धूम्रपान न करणारे घर. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे गद्य जरूर वाचावे. त्यात वस्तूचे वर्णन थोडे आणि तिच्या मालकाचे चारित्र्य अधिक असते. दुकानात शिरलेल्या यंत्राचा हा पूर्ववृत्तान्त बहुधा पुसला जातो. थेट विक्रीत त्याचेच चार पैसे जास्त मिळतात.

अर्थात थेट घेणारा निवडून घेतो. त्याला अॅम्प्लिफायर हवा असतो. तारा, सुटे व्हॉल्व्ह, मोडके खोके नको असतात. क्वाडचे ते मोठे ध्वनिक्षेपक टपालाने पाठवणे म्हणजे त्यांतील नाजूक पडद्यांची परीक्षाच. महिनोन्महिने पत्रव्यवहार करूनही खोली अर्धी भरलेलीच राहते. अशा वेळी गाडी घेऊन येणारा आणि सगळे एकगठ्ठा उचलून नेणारा दुकानदारच आठवतो, त्याच्या तिसऱ्या रकान्यासकट.