हँडल, बटण आणि किल्ली

गटाच्या बैठकीत आपण कर्ज, व्याज, हप्ते यावर बोलतो. आज बोलू या मोटारगाडीवर. विषय पुरुषांचा वाटेल, पण तिच्या इतिहासात पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला आहे.

जर्मनीतल्या मानहाइम गावच्या कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं. गाडीला चाकं तीन, ताकद जेमतेम पाऊण अश्वशक्ती आणि वेग ताशी सोळा किलोमीटर. आपली सायकलही तेवढी पळते! लोक बघायला यायचे, पण विकत कोणी घेत नव्हतं. कार्लचा कारखाना अडचणीत असताना बायकोने, बर्थाने, आपल्या हुंड्याचा पैसा त्यात घातला होता. पेटंटवर नाव मात्र एकट्या कार्लचं.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये नवरा झोपेत असताना बर्थाने दोन्ही मुलांना उठवलं, सुधारलेली गाडी काढली आणि शंभराहून जास्त किलोमीटरवरचं माहेर, फोर्त्सहाइम गाठलं. वाटेत इंधन संपलं, तर औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव विकत घेऊन टाकीत ओतलं. नळी तुंबली, तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर बूट शिवणाऱ्या कारागिराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून परत आल्यावर तिने नवऱ्याला आणखी एक गिअर बसवायला सांगितलं. गाडीची खरी परीक्षा तिनेच घेतली.

पुढे १९०८ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. वीस अश्वशक्ती, ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेग आणि खराब रस्त्यावर चालतील अशी उंच चाकं. १९१३ मध्ये फोर्डने सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू केली. बारा तासांहून जास्त लागणारं काम दीड तासावर आलं, किंमत उतरली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. पण ती चालू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे. इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला. मॉडेल टीला तो १९१९ पासून मिळू लागला. हँडल गेलं, बटण आलं आणि कितीतरी बायका स्वतः गाडी चालवू लागल्या.

आपल्याकडे १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची गाडी बनू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. चाळीसएक अश्वशक्ती, गिअर स्टिअरिंगला, धातूचं जड शरीर. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबई वाहून नेली. घरासाठी हवी असेल, तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ताकद साधारण तेवढीच, पण वजन पद्मिनीपेक्षा दोनशेहून जास्त किलोने कमी. म्हणून ती चपळ, हाताला हलकी आणि पेट्रोलला काटकसरी. किल्ली फिरवली की निघाली! शहरातल्या कितीतरी बायका गाडी शिकल्या त्या हिच्यावरच.

म्हणजे मैत्रिणींनो, गाडी चालवायला मनगटाचं बळ लागतं, ही सबब केव्हाच संपली आहे.

तरी आमच्या गटात काय घडलं ते सांगतो. एका ताईंनी भाजीच्या धंद्यासाठी टेम्पोला कर्ज घेतलं. कर्जाच्या कागदावर सही ताईंची, हप्ते ताईंच्या कमाईतून, पण गाडीच्या कागदावर नाव नवऱ्याचं आणि किल्ली त्याच्या खिशात. तो गावाला गेला की टेम्पो दारात आणि भाजी टोपलीत सुकते. तेव्हा बर्थाची आठवण झाली. एकशेतीस वर्षं उलटली, तरी पैसा आमचा आणि कागद दुसऱ्याचाच.

आता आम्ही बैठकीत ठरवलंय. गटाच्या कर्जातून वाहन आलं, तर त्याच्या कागदावर तिचं नाव हवंच आणि लायसन्सचा अर्ज त्याच महिन्यात भरायचा. त्या ताई सध्या शिकताहेत. परवा त्यांनी टेम्पो पहिल्यांदा रिव्हर्स घेतला, तेव्हा आम्ही सगळ्या रस्त्याच्या कडेला उभ्या होतो.

तुमच्या गटात किल्ली कोणाकडे असते? पुढच्या बैठकीत नक्की विचारा.