जपानमध्ये शाकाहारी किंवा व्हीगन आहार घेताना

नोकरी-शिक्षणासाठी जपानला निघालेले तरुण आणि मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात : "तिथे शाकाहारी माणसाचं कसं होणार?" पोट भरण्याची फार चिंता करू नका. भात, टोफू, भाज्या, फळे, दूध हे सगळे सहज मिळते. काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची. पहिली, शाकाहारी दिसणाऱ्या अनेक पदार्थांत मासा असतो. दुसरी, जे खरोखर शाकाहारी आहे तेही काही आजारांत आणि काही औषधांबरोबर चालत नाही. पहिल्या गोष्टीची चौकशी सगळे करतात. दुसरीची सहसा कोणी करत नाही, आणि त्रास तिनेच होतो.

माशाचा अंश कुठे असतो?

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचे पाणी. ते बहुधा 'कात्सुओबुशी'पासून करतात, म्हणजे ट्यूनाच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवून त्याचे पातळ काप काढतात. मिसो सूप, उदोन-सोबाचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, टेम्पुरासोबतची चटणी, तळलेल्या टोफूवर ओतलेला रस, या सगळ्यांत दाशी असते. आपल्याकडे भाजीत सुकट घातली तर वासावरून कळते, दाशीचा वास नवख्याला कळत नाही.

"मांस नको" एवढे सांगून भागत नाही. जपानी भाषेत 'निकु' म्हणजे प्राण्याचे मांस, मासा त्यात धरत नाहीत. याला इतिहास आहे. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर वर्षातील काही महिने बंदी घातली. पुढे अनेक शतके मांस कमी खाल्ले गेले, पण मासा कधीच वर्ज्य नव्हता. म्हणून "निकु मो साकाना मो ताबेमासेन" (मांस आणि मासा दोन्ही खात नाही) असे सांगा आणि दाशीबद्दल वेगळे विचारा. हे जपानी सहकाऱ्याकडून कागदावर लिहून घेतलेले उत्तम.

दिसण्यावर आणि नावावर जाऊ नका. पनीरसारखा पांढरा, मऊ 'हानपेन' माशाचा असतो. 'तामागो-दोफू' नावाने टोफू असला तरी अंड्याचा असतो. भाजीच्या करीसाठी वापरतात त्या तयार वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते.

पूर्ण शाकाहारी परंपरा मात्र जपानकडे आहे. बौद्ध मठांतील 'शोजिन र्‍योरी'मध्ये मांस-मासा नसतो, कांदा-लसूणही नसतो, आणि दाशी कोम्बू (समुद्री शेवाळ) व शिताके मशरूमची असते. कोयासान येथील मठांत राहून ते जेवण घेता येते. जैन कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे की त्यात मुळा, कमळकाकडी, अळूच्या जातीचे कंद सर्रास असतात.

कोम्बू आणि थायरॉइड

माशाची दाशी टाळणारा माणूस साहजिकच कोम्बूच्या दाशीकडे वळतो. आहार म्हणून हे योग्यच, पण वाळलेल्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये साधारण २,००० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज आहे सुमारे १५० मायक्रोग्रॅम. शिवाय हे आयोडीन पाण्यात सहज उतरते, त्यामुळे कोम्बूचा तुकडा काढून टाकला तरी रश्श्यात ते राहते.

लहानपणापासून हे खाणाऱ्या बहुतेकांना त्रास होत नाही. पण ज्यांची थायरॉइड ग्रंथी आधीच अधू आहे त्यांच्यात जास्त आयोडीनमुळे ग्रंथीचे काम आणखी मंदावू शकते. गाठी असलेल्या ग्रंथीत उलट ते वाढूही शकते. (आपल्याकडे हायपोथायरॉइडच्या कितीतरी रुग्णांच्या कागदांवर 'हाशिमोटो' हे नाव असते. १९१२ मध्ये या आजाराचे वर्णन करणारे हाकारू हाशिमोटो जपानीच होते.) थायरॉइडची गोळी चालू असेल तर कोम्बूचा रस्सा रोज घेऊ नका आणि जपानला गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासा. गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्या आणि सोया दूध किंवा टोफू तिच्या लगेच मागोमाग नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही कोम्बू बेतानेच खावे, कारण जास्तीच्या आयोडीनचा परिणाम बाळाच्या ग्रंथीवर होतो.

नोरी, म्हणजे सुशीभोवतीचा काळा कागद, यात आयोडीन त्या मानाने बरेच कमी असते. 'हिजिकी' हे काळे, बारीक काड्यांसारखे शेवाळ मात्र टाळाच. त्यात घातक प्रकारचे आर्सेनिक असते, आणि ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २००४ मध्ये ते न खाण्याचा सल्ला दिला होता.

नात्तो आणि रक्त पातळ करणारी गोळी

या लेखातील एकच परिच्छेद वाचणार असाल तर हा वाचा. हृदयाची झडप बदललेल्या अनेक रुग्णांना वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकुमॅरॉल (अ‍ॅसिट्रोम) आयुष्यभर घ्यावे लागते. या गोळ्या 'के' जीवनसत्त्वाचे काम रोखतात. नात्तो, म्हणजे आंबवलेले चिकट सोयाबीन, यात हे जीवनसत्त्व प्रचंड असते. व्हीगन माणसाला प्रथिनांसाठी नात्तो खा असे कोणीही प्रेमाने सुचवील. पण नात्तोने गोळीचा परिणाम कमी होतो, आयएनआर खाली येतो आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. हा परिणाम काही दिवस टिकतो, म्हणून "आठवड्यातून एकदाच खाते" हेही चालणार नाही. चुकून खाल्ले गेले तर गोळी मनाने वाढवू नका, आयएनआर तपासून डॉक्टरांना विचारा. एपिक्सॅबन, रिव्हारॉक्सॅबन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांना हे बंधन नाही. आपली गोळी कोणती हे नक्की माहीत हवे.

बी-१२

प्रथिनांची अडचण सहसा येत नाही. १०० ग्रॅम घट्ट टोफूमध्ये सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. अडचण बी-१२ची आहे. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते आणि अनेकांची पातळी मुळातच कमी असते. तिकडे गेल्यावर दूधही सोडले तर उरलेला साठाही संपत जातो. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये आणखी लवकर. नोरीत थोडे बी-१२ असते हे खरे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. टोफू, मिसो, नात्तो यांतूनही पुरेसे मिळत नाही. व्हीगन असाल तर बी-१२ची गोळी नियमित घ्यायचीच. जाण्यापूर्वी तपासणी करून मात्रा ठरवून घ्या. तळपायाला मुंग्या, जिभेची आग, चालताना तोल जाणे ही लक्षणे थकवा म्हणून सोडून देऊ नका, उशीर झाला तर नसांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही.

मीठ, गहू आणि सोबा

एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे. 'उसुकुची' सोया सॉस रंगाने फिका, पण त्यात मीठ नेहमीच्या सॉसपेक्षा जास्त असते. रक्तदाब असेल तर नूडल खा, रस्सा वाटीत राहू द्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कमी मिठाचे पदार्थ घेतानाही विचारावे, काहींत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते.

सीलियाकच्या रुग्णांसाठी : नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. पाकीटबंद पदार्थांवर अंडी, दूध, गहू, सोबा, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, अक्रोड यांची नोंद जपानमध्ये सक्तीची आहे, पण बार्लीची नाही. त्यामुळे बार्लीचा चहा (मुगीचा) आणि बार्लीचे मिसो त्या यादीवरून ओळखता येत नाहीत. कात्सुओबुशीही त्या यादीत नाही, म्हणून शाकाहारी माणसाने सगळे घटक वाचायला हवेत. हॉटेलांना ही सक्ती लागूच नाही.

सोबा म्हणजे कुट्टू. उपवासाला कुट्टू खाऊन कधी अंगावर गांधी उठल्या असतील, तर सोबाच्या दुकानात उदोनही खाऊ नका, दोन्ही बरेचदा एकाच पाण्यात उकळतात. 'आरेरुगी' (अ‍ॅलर्जी) हा शब्द खरी अ‍ॅलर्जी असेल तेव्हाच वापरा, आवडनिवड सांगण्यासाठी नको. खाल्ल्यावर ओठ-घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन जवळ असल्यास लगेच घ्या आणि ११९ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.