गोष्ट लिहिताना ‘जरा गूगल करून बघू’ महागात का पडतं?

समजा, १९२६ सालच्या मुंबईतली कथा लिहायची आहे. नायक बोरीबंदरहून कुर्ल्याला निघालाय. त्याची गाडी वाफेवरची की विजेवरची? उत्तर लगेच सापडतं: देशातली पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच दोन स्टेशनांदरम्यान धावली. म्हणजे नायक विजेच्या गाडीत बसू शकतो.

शोध इथे संपायला हवा. पण त्याच पानावर १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी दिसते. तिथून स्टेशनच्या इमारतीचे आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, मग इमारतीला २००४ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा. तासाभरानं पंधरा टॅब उघडे असतात आणि नायक अजून फलाटावरच असतो.

या भरकटण्याला ‘रॅबिट होल’ म्हणतात. लुईस कॅरोल यांच्या १८६५ च्या पुस्तकातली अ‍ॅलिस सशामागे धावत बिळात पडते, त्यावरून हा शब्द आला.

असं का होतं?

रील्स बघताना वेळ वाया जातोय हे मनाला कळत असतं. संदर्भ शोधताना मात्र काम केल्यासारखंच वाटतं. शिवाय पुढचं वाक्य सुचणं अवघड असतं, तारीख शोधणं सोपं. म्हणून लिखाण जिथे अडतं, नेमका तिथेच शोधाचा मोह होतो.

परत आल्यावरही लय लगेच सापडत नाही. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये याला ‘अटेन्शन रेसिड्यू’ असं नाव दिलं.

तिसरा तोटा कथेचा. एवढी माहिती गोळा केली, तर ती वापरायचा मोह होतो आणि प्रसंगाचा निबंध होतो.

उपाय काय?

कॅनडात जन्मलेले लेखक कोरी डॉक्टरोव्ह यांनी २००९ मध्ये एक साधी युक्ती सुचवली होती. माहिती नसेल तिथे ‘टीके’ ही दोन इंग्रजी अक्षरं लिहा आणि पुढे जा. इंग्रजी शब्दांत ही अक्षरं सहसा शेजारी येत नाहीत, त्यामुळे नंतर ‘फाइंड’ करून सगळ्या मोकळ्या जागा सापडतात. मराठीत ‘ठठठ’ चालेल: ‘तो ठठठ गाडीत चढला.’

काही जण इंटरनेटच बंद करतात. झेडी स्मिथ यांनी ‘एनडब्ल्यू’ (२०१२) या कादंबरीच्या ऋणनिर्देशात इंटरनेट रोखणाऱ्या ‘फ्रीडम’ आणि ‘सेल्फकंट्रोल’ या अ‍ॅप्सचे आभार मानले आहेत.

मग शोधायचंच नाही का?

शोधायचं, पण आधी एक प्रश्न विचारायचा: उत्तरामुळे कथानक बदलेल का? इंजिनातला निखारा उडून नायकाचा कोट जळणं हाच कथेचा धागा असेल, तर वाफ की वीज हे आत्ताच कळायला हवं. तो नुसताच कुर्ल्याला जाणार असेल, तर ‘ठठठ’ पुरतं.

पहिला खर्डा झाला की एका बैठकीत सगळे ‘ठठठ’ भरून काढा. तोवर काही प्रसंग गाळलेले असतील आणि त्यांच्यासाठी शोधावंही लागणार नाही.