सिम कार्ड

मोबाइल ग्राहकाची ओळख जाळ्याला पटवून देणारी चिप. प्लॅस्टिकच्या तुकड्यावरील या चिपमध्ये प्रक्रियक, स्मृती आणि स्वतःची कार्यप्रणाली असते. सोनेरी पट्ट्यांतून तिला फोनकडून वीज मिळते. पहिली सिम कार्डे म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने १९९१ मध्ये फिनलंडमधील रेडिओलिन्या कंपनीसाठी बनवली.

कार्डात ग्राहकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक असतो. तो सहसा १५ अंकी असून पहिले तीन अंक देश दाखवतात. भारतासाठी ४०४ व ४०५. आपला दहा अंकी फोन नंबर यापेक्षा वेगळा. दोन्हींची सांगड कंपनीच्या संगणकात असते, म्हणूनच कार्ड हरवले तरी नव्या कार्डावर जुना नंबर मिळतो.

याहून मोलाची असते ती १२८ बिटांची गुप्त किल्ली. तिचा वापर हा सिमच्या रचनेतील सर्वांत सुंदर भाग होय. फोन जोडला जाताना जाळे एक यादृच्छिक संख्या पाठवते. कार्ड ती संख्या आणि किल्ली यांवरून उत्तर काढते. कंपनीचे प्रमाणीकरण केंद्रही आपल्याकडील किल्लीने तेच गणित करते. उत्तरे जुळली की प्रवेश मिळतो. किल्ली मात्र कधीच हवेतून जात नाही. संभाषण कूटबद्ध करणारी तात्पुरती किल्लीही याच प्रक्रियेतून निघते. जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या मूळ मोबाइल पद्धतीत फोन जाळ्याची खातरजमा करत नसे, त्यामुळे बनावट मनोऱ्यांना वाव राहिला. तिसऱ्या पिढीपासून ही परीक्षा दुतर्फा झाली.

बँक कार्डाएवढे असलेले सिम घटत घटत नॅनो रूपात १२.३ × ८.८ मिमी. झाले. ई-सिमची चिप फोनमध्येच बसवलेली असते. ग्राहकाची माहिती तिच्यात इंटरनेटवरून उतरवली जाते.