फोकसिंग स्क्रीन (जुन्या फिल्म एसएलआर कॅमेऱ्यातील) व तिची निवड

एकभिंगी परावर्ती, म्हणजे एसएलआर, कॅमेऱ्यात आरशाच्या वर आणि पंचकोनी लोलकाच्या खाली आडवी बसवलेली लहान आयताकृती काच किंवा प्लॅस्टिकची पट्टी. लेन्समधून आलेला प्रकाश 45 अंशांत कललेल्या आरशावरून वर वळतो आणि या पट्टीच्या खरखरीत पृष्ठावर प्रतिमा उमटते. नेत्रिकेला डोळा लावल्यावर दिसते ती हीच प्रतिमा. लेन्सच्या बैठकीपासून आरशामार्गे स्क्रीनपर्यंतचे अंतर आणि बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर तंतोतंत सारखे असावे लागते. निकॉनच्या एफ बैठकीत ते 46.5 मिमी., पेंटॅक्सच्या के बैठकीत 45.46 मिमी. आहे. स्क्रीन 0.1 मिमी.ने वरखाली झाली, तर 50 मिमी. लेन्सवर दोन मीटर अंतरावरचा फोकस सुमारे 15 सेंमी. चुकतो. एफ/1.4 वर काढलेल्या चेहऱ्यात डोळ्यांऐवजी कान ठळक येण्याला एवढी चूक पुरते.

1936च्या किने एक्झाक्टा कॅमेऱ्यात प्रतिमा वरून, कमरेच्या उंचीवरून पाहावी लागे आणि ती डावी-उजवी उलटी दिसे. 1949च्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यात पंचकोनी लोलक आला आणि दृश्य डोळ्यासमोर सरळ उभे राहिले. स्क्रीन हवी तशी निवडण्याची सोय मात्र खऱ्या अर्थाने रुजवली ती 1959च्या निकॉन एफने. लोलक काढून स्क्रीन बदलता येई आणि तिचे डझनाहून अधिक प्रकार मिळत. पुढे ऑलिंपस ओएम-1, कॅनन एफ-1, पेंटॅक्स एलएक्स यांनीही ती वाट धरली. ओएम-1 आणि निकॉन एफएम2 या कॅमेऱ्यांत लोलक काढावा लागत नाही. लेन्स उतरवून बैठकीच्या तोंडातूनच चिमट्याने स्क्रीन काढता येते. पेंटॅक्स के1000 मध्ये ती वापरणाऱ्याने बदलण्यासारखी नाही. म्हणून पहिला प्रश्न कोणती स्क्रीन चांगली हा नाही, आपल्या कॅमेऱ्यात ती बदलता येते का हा आहे.

स्क्रीनचा मूळ प्रकार साध्या दुधी पृष्ठाचा. तिच्यावर फोकस कुठेही, अगदी कोपऱ्यातही पाहता येतो, आणि मागेपुढे किती भाग धूसर आहे तेही कळते. उणीव एवढीच की अचूक क्षण ओळखायला सराव लागतो. दुसरा प्रकार सूक्ष्म लोलकांचा. मधल्या वर्तुळात बारीक पिरॅमिडांची जाळी असते. फोकस नसताना तिथले दृश्य थरथरते, चुरा झाल्यासारखे दिसते आणि फोकस येताच एकदम शांत होते. तिसरा, सर्वांत ओळखीचा, स्प्लिट. यात विरुद्ध दिशांना उतरत्या दोन पाचरी असतात. फोकस चुकला की खांबाचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांपासून सरकतात. जुळले की खांब सलग होतो. आडव्या रेघांवर, उदाहरणार्थ विजेच्या तारांवर, आडवा स्प्लिट काहीच सांगत नाही. तिथे कॅमेरा उभा धरावा, नाहीतर तिरक्या स्प्लिटची स्क्रीन घ्यावी. निकॉनच्या ‘के’ स्क्रीनवर मधोमध स्प्लिट आणि भोवती सूक्ष्म लोलकांचे कडे असते. सर्वसाधारण कामाला हाच जोड मला सर्वांत उपयोगी वाटतो.

स्प्लिटची एक मर्यादा विकत घेताना कुणी सांगत नाही. पाचर प्रकाशकिरण वाकवते, त्यामुळे डोळ्याला लेन्सच्या कडेचा भागच दिसतो. लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र एफ/4.5 ते एफ/5.6 असेल तर त्या कडेला प्रकाशच उरत नाही आणि वर्तुळाचा एक अर्धा भाग काळा पडतो. डोळा किंचित वर नेला की तो उजळतो आणि दुसरा काळा होतो. स्क्रीन बिघडलेली नसते. लेन्सशी तिचा मेळ बसलेला नसतो. भिलाईच्या नेहरू नगरातला कुणी छायाचित्रकार मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातले पांढरे वाघ एफ/5.6च्या झूमने टिपायला गेला, तर स्प्लिट त्याच्या वाटेत येईल. त्याला साधी दुधी स्क्रीन बरी. भिलाईच्याच टाउनशिपमधल्या सेक्टरांची सरळ रस्त्यांवरची एकसारखी घरे काढायची, तर उभ्या-आडव्या रेघांची जाळीदार ‘ई’ स्क्रीन हाताशी असावी. भिंत कलली की ती लगेच दाखवते.  कुणाकडे जुना सोव्हिएत झेनिट-ई कॅमेरा निघालाच, तर बहुधा साधी, पक्की बसवलेली दुधी काचच मिळेल. ती बदलण्याचा खटाटोप करण्यापेक्षा एफ/2ची लेन्स लावून सराव करावा.

स्क्रीनला बहुतेक वेळा समकेंद्री वर्तुळांची फ्रेनेल रचना असते. ती कडेचा प्रकाश डोळ्याकडे वळवते, म्हणून कोपरे काळवंडत नाहीत.

उजळ स्क्रीनची हौस मात्र जपून करावी. पुढे मिनोल्टाच्या ॲक्यूट मॅटसारख्या बारीक रचनेच्या स्क्रीन आल्या. मंद प्रकाशात त्या फार सोयीच्या. पण अशी स्क्रीन प्रकाश कमी विखुरते, त्यामुळे एफ/1.4च्या लेन्सचे बाहेरचे किरण डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. दृश्य जणू एफ/2.8 वर घेतल्यासारखे दिसते आणि प्रत्यक्षात धूसर येणारा भाग ठळक वाटतो. घरी पाहायचे असेल तर लेन्स एफ/1.4 वर ठेवून डेप्थ-ऑफ-फील्डचे, म्हणजे निवडलेल्या छिद्रावर दृश्य दाखवणारे, बटण दाबावे, मग एफ/2.8 वर नेऊन पुन्हा दाबावे. दृश्य फारसे अंधारले नाही, तर स्क्रीन खरी धूसरता दाखवत नाही. मोठ्या छिद्राच्या लेन्सने माणसे टिपणाऱ्याला जुनी, जरा खरखरीत स्क्रीन अधिक खरे सांगते.

प्रकाशमापनाचाही प्रश्न असतो. ओएम-1 किंवा एफएम2 मध्ये मापनाचा डोळा लोलकाजवळ असतो व तो स्क्रीनवरचा प्रकाश मोजतो. उजळ स्क्रीन लावली की मीटर दृश्य जास्त उजळ समजतो आणि फिल्मवर कमी प्रकाश पडतो. फिल्म-संवेदनशीलतेच्या चकतीवर तेवढी दुरुस्ती करून घ्यावी. निकॉन एफ3चे मापन आरशाखाली असल्यामुळे त्याला ही अडचण नाही. 1981च्या नव्या कॅनन एफ-1 मध्ये तर सरासरी, आंशिक की बिंदूमापन हे स्क्रीनच ठरवते. तिथे स्क्रीन बदलणे म्हणजे मीटर बदलणे.

दुसऱ्या कॅमेऱ्याची स्क्रीन कापून बसवली असेल, तर जाडीतला फरक तपासावा. मागचे झाकण उघडून फिल्मच्या रुळांवर दुधी काच, खरखरीत बाजू लेन्सकडे करून ठेवावी. शटर ‘बी’ वर उघडे धरून तिरप्या ठेवलेल्या वर्तमानपत्राची एक ओळ जुळवावी व भिंगाने पाहावे. नेत्रिकेत तीच ओळ जुळलेली दिसली पाहिजे.

स्क्रीनवरची धूळ छायाचित्रात येत नाही, म्हणून ती सारखी पुसू नये. फुंकणीने हवा मारावी. बोट, कापड, अल्कोहोल किंवा ॲसिटोन लावू नये. प्लॅस्टिकच्या पृष्ठावरची सूक्ष्म रचना त्याने कायमची जाते. आरशाजवळचा जुना फोम चिकट होऊन स्क्रीनवर गळतो, तो आधी बदलून घ्यावा. आणि मूळ स्क्रीन कधीही टाकून देऊ नये, पाकिटात घालून कॅमेऱ्याबरोबर ठेवावी. यांपैकी बहुतेक कॅमेऱ्यांच्या मूळ स्क्रीन आता कोणताही कारखाना बनवत नाही.