जमिनीखालची वाट आणि दुधातला वाटा

आज आपण लांब, आयर्लंड नावाच्या बेटावर जाऊ. तिथे पाऊस भरपूर, गवत भरपूर. म्हणून गाईगुरं हीच तिथली जुनी दौलत.

तिथे शेत नांगरताना कधीकधी फाळ मोठ्या शिळेला अडतो. शिळा सरकवली की खाली दगडांनी बांधलेली अंधारी वाट दिसते. तिला 'सूटरेन' म्हणतात, म्हणजे जमिनीखालची जागा. अशा हजारो वाटा सापडल्या आहेत. बहुतेक इसवी सन ५०० ते १२०० या काळातल्या.

त्या काळी शेतकरी कुटुंबं गोल गढीत राहायची. भोवती खंदक, मातीचा बांध, आत घर. अशा ४०,००० हून जास्त गढ्यांच्या खुणा आजही आहेत. मीथ परगण्यात नाउथ इथे तर पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्याच्या टेकाडावरच पुढे लोकांनी घरं बांधली आणि तिथेही अशा वाटा केल्या.

वाट बांधायची कशी? आधी चर खणायचा. दोन्ही बाजूंना चुना न लावता दगड रचायचे, वर लांब शिळा टाकायच्या आणि माती लोटायची. आत वाकून चालावं लागतं. मध्येच वाट इतकी अरुंद होते की पोटावर सरपटावं लागतं.

एवढी मेहनत कशासाठी? अभ्यासक दोन कारणं सांगतात. आत बारमाही गारवा असतो, त्यामुळे दूध, लोणी टिकतं. आपल्याकडे धान्याचं पेव असायचं, तसंच हे. दुसरं कारण जिवाचं. हल्लेखोर गुरं न्यायचे, माणसंही पकडून गुलाम करायचे. बायकापोरं आत लपली, तर शत्रूला त्या अरुंद तोंडातून एकेकट्यानं, डोकं पुढे करून सरपटत यावं लागे.

भीती खरी होती. जुन्या आयरिश भाषेत 'कुमल' म्हणजे गुलाम बाई. पुढे तोच शब्द किमतीचं माप झाला. जमिनीचं मोल, दंडाची रक्कम कुमलमध्ये मोजत. बाईची किंमत अशी ठरायची, अगदी गाईसारखी.

पण त्याच समाजात सुमारे १३०० वर्षांपूर्वी नवराबायकोच्या नात्याचा एक कायदा लिहिला गेला. जोडपं वेगळं झालं, तर दूधदुभत्यात आणि कापडात बाईला वाटा मिळे, तोही तिच्या कष्टाप्रमाणे. नुसती लोकर असेल तर थोडा, कापड विणून तयार असेल तर जास्त. गाय कुणाचीही असो, लोणी काढणारीचे हात कायद्याला दिसत होते.

म्हणजे त्या अंधाऱ्या वाटेत जे जपलं जायचं, त्यात बाईच्या हातचं लोणी होतं आणि बाई स्वतःही होती. गढीतल्या बाईचे कष्ट कायद्यानं मोजले, पण पकडून आणलेल्या बाईला मात्र मापच केलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक प्रश्न घ्या. डेअरीत दूध कुणाच्या नावावर जातं, पैसे कुणाच्या खात्यात येतात आणि धार कोण काढतं? प्रत्येकीनं आपापलं उत्तर वहीत लिहा. मग त्यावर बोलू.